पदराची गाठ

बाळंतपणाच्या खोलीत शिरल्या शिरल्या बकुळामावशीने माझी वेणी सोडली. मग पिशवीची दोरी, मनगटातला काळा दोरा. घरात कुठे गाठ राहिली तर बाळ अडतं, अशी आमच्याकडची समजूत. लालबागला फोन करून तिने माझ्या नवऱ्याला, स्वप्नीलला, कपाटांची कुलपंही काढायला लावली.

"मावशी, डब्यांची झाकणंपण काढू?" त्याने फोनवरून विचारलं.

"काढ. पिठात मुंग्या गेल्या तर तूच चाळ."

उशाशी आईचं जुनं पातळ होतं. पदराच्या टोकाला तिच्या हातची गाठ. आई चैत्रात गेली, तेव्हापासून मी ती गाठ सोडली नव्हती. मावशीचा हात तिकडे वळला.

"ही नको," मी म्हणाले.

कळांचं दुखणं थांबवणारं पाठीतलं इंजेक्शनही मी नको म्हटलं होतं. डॉक्टर देविका पुन्हा पुन्हा विचारून गेल्या होत्या. माझ्या वेळी आईने जे सोसलं, ते जसंच्या तसं मला कळायला हवं होतं. तिच्यापर्यंत जायला आता तेवढीच वाट उरली होती.

पुढची कळ ओसरल्यावर मावशीने माझा घाम पुसला. "तुझी आई या वेळेला काय करत होती, ठाऊक आहे? किंचाळत होती. 'बकुळे, कोणाला तरी सांग गो, हे थांबवा.' तेव्हा परळच्या त्या खाटेवर आम्हांला कोण काय देणार होतं? मिळतं तर दोन्ही हातांनी घेतलं असतं तिने."

"मला तर म्हणायची, पटकन झालीस."

"पोटच्या पोरीला खरं कोण सांगतं?"

मी डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

"पाठ मांजरासारखी वाकवा. आता हलायचं नाही," त्या म्हणाल्या. नर्सने गाऊनचे बंद सोडले.

"बघ, यांनाही गाठ चालत नाही," मावशी पुटपुटली.

हळूहळू वेदना दूर गेली. कळा मात्र येतच होत्या. खाटेशेजारच्या मॉनिटरच्या पडद्यावर त्या डोंगरासारख्या चढत होत्या, उतरत होत्या. एवढं प्रचंड काहीतरी माझ्या देहातून चाललं होतं आणि मी निवांत पडून ते बघत होते. आईला हे बघायला मिळालं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे फक्त अंधार आला असेल.

मी पदर ओढून घेतला आणि नखांनी गाठ सोडली. आत एक वेलदोडा होता. अजून वास होता त्याला.

संध्याकाळी मुलगी झाली. डोकं, मग खांदा, मग एकदम सगळीच. मी एकदाही डोळे मिटले नाहीत. ओली, निळसर, संतापलेली ती माझ्या छातीवर आली, आणि मावशीने तिला आईच्या पातळात गुंडाळलं, गाठ न मारता.