शिंप्याच्या मेंदूचे दुसरे चित्र

मित्रांनो, बोगद्यासारखे पोट असलेले मी एक जुने यंत्र आहे. प्रचंड चुंबकाच्या जोरावर मी मेंदूची चित्रे काढते. भिंत पाडून मला या खोलीत आणले, तेव्हा मोठमोठे डॉक्टर पाहायला आले होते. आता शेजारी नवे यंत्र आले आहे. माझ्या वाट्याला एकच अभ्यास उरला आहे, स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसांच्या मेंदूचा.

मेंदूचे दूरदूरचे भागही एकमेकांशी संपर्क ठेवून असतात. या आजारात अनेकांचे हे जाळे विस्कटते.

गेल्या वर्षी एक शिंपी आला होता. जवळ कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येत. औषधांनी तो सावरला, पुन्हा शिवायला बसला. यंदा दुसरे चित्र काढले आणि डॉक्टरांनी दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी-शेजारी लावली. मेंदूच्या दूरच्या भागांना जोडणारे धागे यंदा फारच विरळ दिसत होते.

"आजार वाढलाय ना?" शिंप्याची थोरली बहीण म्हणाली. "मग उद्यापासून दुकान बंद. कात्री हातात देणार नाही मी याच्या."

"ताई, अगं अर्धी पँट शिवून झालीय. गिऱ्हाईक काय एका पायाने फिरेल?"

कोणी हसले नाही.

माझी तंत्रज्ञ बाई त्याच्या डोक्याच्या हालचालीचा आलेख पाहत होती. ठरावीक अंतराने पाच टोके वर आली होती. तिचा चेहरा उतरला.

"सर, चूक माझी. मी सवयीने माइकवरून सारखं 'बरं वाटतंय ना?' विचारत होते."

"मी मान हलवली," शिंपी म्हणाला. "एवढ्या आपुलकीने विचारता, गप्प कसं राहायचं?"

डोके हलले की दूरचे धागे आहेत त्याहून विरळ दिसतात.

तो पुन्हा आत आला. आठ मिनिटे. बाईने तोंडातून शब्द काढला नाही. चौथ्या मिनिटाला त्याचा श्वास भरभर चालू लागला. मदतीच्या घंटीवर बोट गेले, थांबले. डोके मात्र हलले नाही.

धागे गेल्या वर्षीइतकेच सैल होते. आणखी उसवले नव्हते.

"पण ताई," डॉक्टर म्हणाले, "दुकानाचं काय करायचं ते हे चित्र नाही सांगत."

बहिणीने पडद्याकडे पाठ केली. "तूच सांग. झेपेल?"

"सकाळी झेपतं. दुपारी आवाज येतात, तेव्हा हात थांबवतो."

"मग अर्धा दिवस," ती म्हणाली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी मागत नाही. माझे चित्र पाहून कोणाच्या हातचे काम मात्र काढून घेऊ नका. आधी त्या माणसाला विचारा.