माहीत नसलेली भेग

गॅस कंपनीच्या यू साहेबांनी माझ्या बाबांना चहा पाजला, कंपनीची एक छत्री हातात दिली आणि हसत हसत फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांनी बाबांना धक्के मारून बाहेर काढलं असतं, तर एक वेळ मी विसरले असते.

बाबा एकतीस वर्षं आमच्या ह्वांगनीबाच्या सरकारी कोळसाखाणीत मोजणीदार होते. खाण बंद पडून वीस वर्षं झाली, तरी सगळा गाव त्यांना ल्याओ मोजणीदारच म्हणतो. १९८३ साली दक्षिणेकडच्या बोगद्यात कोळशाचा थर चालता चालता एकदम संपला. समोर नुसता खडक. दोन महिने शोधल्यावर तोच थर बारा मीटर खाली सापडला. म्हणजे कधी काळी जमिनीचा एक अख्खा भाग दुसऱ्याला घासून खाली सरकला होता. ती भेग बाबांनी पावलापावलाने मोजली आणि नकाशावर लाल शाईने काढली. शेजारच्या लुओ मावशींच्या परसापासून, चहाच्या टेकडीखालून, थेट शाळेच्या पलीकडे ओढ्यापर्यंत. खाली कुठवर जाते ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी टेकडीचा माथा कापून कंपनीने गॅससाठी सहा विहिरी खणल्या. साडेतीन किलोमीटर खाली जायचं, तिथून आडवं वळायचं आणि पाणी-वाळू प्रचंड दाबाने घुसवून खडक फोडायचा, असं ते काम. विहिरी कोणत्या दिशेला वळतात ते फाटकावरच्या फलकावर काढलं होतं. बाबांनी घरी येऊन नकाशावर पट्टी ठेवली. दोन विहिरी लाल रेघेला आडव्या जात होत्या.

त्यांचे गुडघे दुखतात म्हणून कंपनीच्या कचेरीत सोबत मी गेले. यू साहेब तिथले मुख्य, आणि त्यांच्या शेजारी मियाओ नावाचा चष्मेवाला तरुण इंजिनियर. बाबांनी टेबलावर नकाशा पसरला, दोन कौलं मागवली, एकमेकांवर ठेवली. घट्ट बसलेली असतात तोवर हलत नाहीत, म्हणाले; मधे दाबाने पाणी शिरलं की वरचं हलकं होतं आणि सरकतं. भेगेचंही तसंच. मियाओ वाकून नकाशा बघत राहिला. फोटो काढू का, असं त्याने विचारलं. यू साहेबांनी त्याला गरज नाही म्हणून सांगितलं, आणि मग बाबांना म्हणाले, "आजोबा, तुमची खाण म्हणजे फणसाची साल. आम्ही पार आठळीपर्यंत गेलोय."

परतताना बाबा उतारावर थांबले. "त्या पोराला कळलं," म्हणाले. "कळलं म्हणूनच गप्प बसला."

त्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली. आधी भांडी खुळखुळायची. मग भिंतींना चिरा गेल्या, कौलं घसरायला लागली. मी कौलं शाकारायचं काम करते, त्यामुळे मला एकही दिवस उसंत नव्हती. गावच्या भोंग्यावरून रोज एकच सांगणं: अफवा पसरवू नका. लुओ मावशींना त्याचंही हसू यायचं. म्हातारपणी कुणीतरी पाळणा हलवतंय, झोपा निवांत, म्हणायच्या. मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली. तेव्हापासून माझ्या वेण्या मावशींनीच घातल्या, माझं लग्न मोडल्यावर माझ्या सासूला फोनवर शिव्याही त्यांनीच घातल्या.

वसंतोत्सव, म्हणजे आमचं नवं वर्ष, होऊन दहा दिवस झाले होते. दुपारचं जेवण उरकून मी एका घराच्या छपरावर चढले होते. टेकडीवरच्या पंपांची घुमघुम सकाळपासून चालू होती. आधी जमिनीतून ट्रक उलटल्यासारखा आवाज आला, मग छप्पर पायाखालून निघून गेलं. मी आढ्याला मिठी मारून राहिले. माझ्याभोवतीची कौलं पाण्यासारखी वाहत खाली गेली. थांबल्यावर मान वळवली, तर मावशींच्या गच्चीचा कठडा जागेवर नव्हता.

मावशी कठड्याखाली दोरीवर मोहरीचा पाला वाळत घालत होत्या. विटा मी हातांनी उपसल्या. माझी नखं उलटली ते मला संध्याकाळी कळलं. मावशींच्या मुठीत पाल्याची जुडी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांतून हजारो माणसं तालुक्याच्या कचेरीसमोर जाऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. मी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडले. तिसऱ्या दिवशी पंप तात्पुरते बंद केल्याचं जाहीर झालं, आणि पंधरवड्याने शाळेच्या पटांगणात भूकंपाचा अहवाल वाचून दाखवायला तालुक्याचे साहेब लोक आले.

अहवाल लांबलचक होता. शेवटी त्यांच्यातल्या एकाने सोप्या भाषेत सांगितलं: या भागात पूर्वी माहीत नसलेली एक भेग आहे, ती नैसर्गिक कारणाने सरकली.

पहिल्या रांगेत यू साहेब बसले होते, मांडीवर टोपी ठेवून. मी उठून त्यांच्यासमोर गेले.

"यू साहेब, माझ्या बाबांनी तुमच्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा तुम्ही चहाचा पेला नेमका त्या भेगेवर ठेवला होता. आता सगळ्यांसमोर सांगा, माहीत नव्हती म्हणून."

ते म्हणाले, ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण तो कागद खाजगी, जुना, त्याला काही आधार नाही.

मागून बाबा आले. नकाशा त्यांनी दोन्ही हातांनी छातीसमोर धरला होता. "खाण सरकारी होती," ते म्हणाले. "शिक्का डाव्या कोपऱ्यात आहे. वाचा."

यू साहेबांनी वाचलं नाही. कुणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. मियाओला मी गर्दीत शोधत होते. त्याची बदली झाली होती, असं नंतर कळलं.

मग कागद आले. हा नैसर्गिक प्रसंग होता आणि पुढे कोणतीही तक्रार करणार नाही, अशी सही केली की कंपनी घर दुरुस्त करून देणार. बहुतेकांनी सह्या केल्या. लुओ मावशींच्या मुलाने, योंगशाननेही केली. मी त्याच्या अंगणात जाऊन त्याला वाटेल ते बोलले. लाज नाही का, आईच्या जिवाला नैसर्गिक म्हणतोस, इथवर गेले. तो ऐकून घेत विटा रचत राहिला.

शेवटी म्हणाला, "तुझ्या घराला छप्पर आहे, शिऊ. माझी पोरं प्लास्टिकखाली झोपतात."

मी त्याच्या अंगणातून निघाले. राग मात्र उतरला नाही. तो नुसता कुणावर काढावा ते कळेना. सही न केलेली आम्ही तीन घरं. ती मी स्वतः शाकारली. कंपनीच्या ठेकेदाराने मलाही काम देऊ केलं होतं. त्याला मी शिडीवरून खाली उतरायच्या आधीच नाही म्हणून टाकलं.

जूनमध्ये पंप पुन्हा सुरू झाले. आठवड्याभरात एका सकाळी जमीन हलली, फार नाही. सगळे अंगणात आले. योंगशान कुंपण ओलांडून आमच्याकडे आला. माझ्याशी बोलला नाही. बाबांना त्याने विचारलं, ती रेघ शाळेच्या किती जवळून जाते.

"पहिलीच्या वर्गाखालून," बाबा म्हणाले.

तासाभरात तो आणि आणखी दहा-बारा जण शाळेत पोचले आणि बाकं उचलून पटांगणात आणायला लागले. मीही गेले. सही केलेले, न केलेले, सगळे होते. मुख्याध्यापक गू सर आधी अडवायला धावले, मग त्यांनीच फळ्याचं दुसरं टोक धरलं. पोरं आत जाणार नाहीत, असं आम्ही तालुक्याला कळवलं. तीन आठवडे शाळा उन्हात, छत्र्यांखाली भरली. गू सरांना दोनदा बोलावून दम दिला गेला. पोरं काही आत गेली नाहीत.

अखेर शाळा ओढ्यापलीकडच्या धान्य कोठारात हलवायला परवानगी मिळाली. आदेशाची प्रत दारावर लावली होती, ती मी उभी राहून वाचली. स्थलांतराचं कारण लिहिलं होतं: इमारत जुनी झाल्यामुळे.

ती इमारत चार वर्षांपूर्वी बांधली. तिची कौलं मी घातली होती.