थायरॉईडची डबी

फुलंब्रीच्या स्थळातून मनकर्णाबाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मोजून घेऊ. लेकीला, म्हणजे प्रेरणाला, बागायतदार घर. नवऱ्याला, आप्पासाहेबांना, भावकीत मान. आणि पाच वर्षं ‘प्रेरणाचं जमलं का हो?’ विचारणाऱ्या जावेच्या तोंडाला कुलूप. आडवी येण्यासारखी एकच गोष्ट होती, सून तनुजा.

तनुजा सहा महिने भाजी चिरता चिरता रडायची. भाजीत कांदा असो-नसो. नवरा सोमनाथ म्हणाला, “तुला कमी काय हाय? कपडे मशीन धुतं, मी दारू पीत नाय.” सासूनं दृष्ट काढली, गुरुवार धरायला लावले. शेवटी माहेरच्या भावानं तिला डॉक्टरकडं नेलं. डिप्रेशन निघालं. गोळ्यांनी ती महिन्या-दोन महिन्यांत वेळेवर उठू लागली, अंघोळ करू लागली. सोमनाथ म्हणाला, “बघा, नाटकच होतं.”

पण घरात डोक्याच्या गोळ्या आहेत हे कळलं तर सुपारी फुटणार कशी? मनकर्णाबाईंनी गोळ्या एका डबीत घातल्या आणि प्रेरणाकडून वर ‘थायरॉईड’ लिहून घेतलं. थायरॉईड म्हणजे इज्जतदार आजार. त्यांच्या गारखेड्यात घरटी एक. तनुजाचं दवाखान्यात जाणंही बंद केलं. कुणी पाहिलं तर? सुपारीच्या दिवशी डबीत एकच गोळी उरली होती.

पोहे झाले. मुलाची आई सुलेखाबाई पर्स उपसू लागल्या. “अगं बाई, गोळी घरीच राहिली. थायरॉईडची हो.”

आप्पासाहेबांना मदतीची भारी हौस, आणि डबीवरच्या लेबलावर पूर्ण विश्वास. “आमच्या सूनबाईला हायच की! तनुजा, आण गं डबी.”

“थायरॉईडची उपाशीपोटी घेतात ना?” मनकर्णाबाई घाईनं म्हणाल्या.

“माझी खाऊन घ्यायची असते.”

तनुजानं डबी आणली. सुलेखाबाईंनी आतल्या पाकिटावरचं गोळीचं नाव वाचलं, मग तनुजाकडं पाहिलं.

“हीच की. किती दिवस झाले?”

“चार महिने.”

“माझी अकरा वर्षं.”

“एकच उरलीय,” तनुजा हळूच म्हणाली.

सुलेखाबाईंचा हात थांबला. समोर त्यांचे यजमान, तात्यासाहेब, घड्याळ बघत होते.

“घ्या हो विहीणबाई,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “आम्ही उद्या आणू.”

सुलेखाबाईंनी गोळी गिळली. सुपारी फुटली.

स्वयंपाकघरात प्रेरणानं विचारलं, “आई, अकरा वर्षं गोळ्या खाव्या लागतात, असं काय हाय गं त्या घरात?”

“गप. बागायत हाय.”

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते बघू. आप्पासाहेबांना मान मिळाला, जावेला कुलूप बसलं, तात्यासाहेबांना सून मिळाली. ‘उद्या’ मात्र लग्न उरकेस्तोवर उजाडला नाही. तनुजा पुन्हा दुपारपर्यंत भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. आणि प्रेरणानं सासरी जाताना वहिनीकडून एकच वस्तू मागून घेतली, लेबल लावलेली ती रिकामी डबी.