पाहिलेली कृती

कॉलेजात सगळे तिला 'कौशल्य मॅडम' म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, पण तिला ते नाव आवडायचं. नोकरीत उपयोगी पडतील अशी कौशल्यं शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिकवायची आणि ती त्यांना किती आली ते तपासायचं, हा तिचा विषय. संवाद, टीमवर्क, वेळेचं नियोजन, अडचणीतून मार्ग काढणं. गणिताच्या सरांना उत्तर बरोबर की चूक एवढंच बघायचं असतं. हिला माणूस बघायचा असतो. निदान नियम तरी तसा होता. सहा मुलांच्या गटाला एखादं काम द्यायचं, आपण कोपऱ्यात बसून अर्धा तास नुसतं बघायचं, आणि मग प्रत्येकाच्या पानावर पाचपैकी गुण देऊन खाली 'पाहिलेली कृती' या चौकटीत एक वाक्य लिहायचं. मत नाही, अंदाज नाही. मुलाने काय केलं, ते डोळ्यांनी बघून.

पहिली दोन वर्षं तिने त्या चौकटींसाठी जिवाचं रान केलं. पण साठ मुलं, चार कौशल्यं, दोनशे चाळीस चौकटी आणि सोमवारची मुदत, हे दरवर्षी कोण करणार? हळूहळू तिच्याकडे सात वाक्यं तयार झाली. पहिलं, 'गटात सहज मिसळते, मत ठामपणे मांडते.' सातवं, 'गटात शांत राहते, पुढाकार घेत नाही.' बाकीची पाच या दोघांच्या मधली. मुलाचा चेहरा आठवायचा, अंगाला बसेल ते वाक्य चढवायचं, की काम फत्ते. दुसऱ्या विभागांतले लोक ही वाक्यं उसनी न्यायला यायचे. एकदा तपासणी समितीने 'नोंदी नेमक्या आहेत' असा शेराही मारला होता. साध्या भाषेत याला पाट्या टाकणं म्हणतात. अक्षर सुबक असलं की कुणी तसं म्हणत नाही, एवढंच.

यंदा मात्र तिने चेहराही आठवला नव्हता.

त्या दिवशी सातव्या गटाला काम होतं ते कॉलेजचं वाचनालय एका दिवसात शेजारच्या इमारतीत हलवण्याचा आराखडा करायचं. मुलं टेबलाभोवती बसली, घड्याळ लावलं, आणि हिचा फोन थरथरला. नवरा फरशीच्या दुकानात उभा होता. नव्या घराच्या न्हाणीघराला फिकट पिवळी लावायची की राखाडी? त्याने एकामागून एक अकरा फोटो पाठवले. तिने अकराही बघितले, दोन मोठे करून बघितले, 'घसरतील का विचार' असं कळवलं, आणि मान वर केली तेव्हा मुलं खुर्च्या सरकवून उठत होती. कुणी आजारी असतं, कुणाचा अपघात झाला असता, तर ते स्वतःला तरी सांगता आलं असतं. फरशी होती.

स्टाफरूममध्ये बसून तिने सहा पानं भरली. मोठ्या आवाजाच्या दोन मुलांना पाच. मधल्या तिघांना चार. राहिली एक्केचाळीस नंबरची मुलगी. तिचा आवाज तर काही कानावर आला नव्हता. तिला दोन, आणि सातवं वाक्य.

महिन्याभरानंतर तीच मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. अंगाने बारीक, चष्मा, हातात एक वही.

"मॅडम, दोन मिनिटं आहेत?"

"ये की. काय गं?"

"घरपोच सामान पोचवणारी ती कंपनी आली होती ना, त्यांच्याकडे वर्षभराच्या पगारी उमेदवारीसाठी माझं नाव नाही लागलं. त्यांना सगळ्या कौशल्यांत तीन तरी लागतात. मला टीमवर्कमध्ये दोन आहेत."

तक्रार आली, असंच कौशल्य मॅडमला वाटलं, आणि तक्रारीला द्यायची उत्तरं तिच्याकडे होती. पण मुलगी तक्रार करतच नव्हती.

"तुमचं बरोबरच आहे मॅडम. मी त्या दिवशी बोललेच नाही. आराखडा लिहिण्यातच वेळ गेला. म्हणून आता मी सवय करतेय." तिने वही उघडून पुढे धरली. "रोज लिहून ठेवते. हे बघा, सोमवारी चार वेळा सगळ्यांच्या आधी बोलले. मंगळवारी सहा वेळा. वर्गात, कँटीनमध्ये, घरीसुद्धा. दादा म्हणतो, तुझ्या अंगात आलंय का?" ती हसली. "असंच करायचं ना? पुढच्या वर्षी परत अर्ज करीन."

"हो," कौशल्य मॅडम म्हणाली. "छान चाललंय तुझं."

हे 'छान' तोंडातून गेलं कसं, ते तिचं तिलाच कळलं नाही. मुलगी आभार मानून गेली.

तिने कपाटातून सातव्या गटाची फाइल काढली. आराखड्याचा कागद होताच. मुलं कागद जमा करतात आणि तो कुणी वाचत नाही. बारीक, एका बाजूला कललेलं अक्षर. कुठली कपाटं आधी, पुस्तकं कुठल्या क्रमाने, कोण जिन्यावर उभं राहील, कोण दारात. आणि उजवीकडे, कुणी न सांगता आखलेला एक रकाना : 'कुणी सुचवलं'. प्रत्येक कल्पनेपुढे गटातल्या कुणाचं ना कुणाचं नाव होतं. एका ठिकाणी दोघांची नावं लिहून 'वाद झाला, दोघांचं थोडं थोडं घेतलं' असं कंसात. तिचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. पाच जणांचं म्हणणं ज्या पोरीने ऐकून एका कागदावर आणलं, तिला हिने टीमवर्कमध्ये दोन दिले होते. कौशल्य मॅडमला स्वतःची इतकी लाज वाटली की स्टाफरूममध्ये कुणी नसतानाही तिने फाइल झाकली.

विभागप्रमुख म्हणजे गणिताचेच सर. माणूस सरळ, कामाचा. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना अर्धं सांगितलं. गुण देताना चूक झाली, एवढंच.

"मग नशीब तुमचं," सर म्हणाले. "त्या सामानवाल्या कंपनीचा एक उमेदवार गळालाय. शुक्रवारी बारापर्यंत नाव द्या म्हणालेत. दोनाचे चार करा, 'लेखनदोष' लिहा, सही ठोका. मी पाठवतो."

"असं कसं सर? न बघता?"

"बघितलं होतंत ना त्या दिवशी?"

तेवढ्यात तिच्या मनाने एक पवित्रा घेतला. एकदा खोटं लिहिलं, आता दुसरं नाही लिहायचं. "मी गटाची परीक्षा परत घेते," ती म्हणाली. "शुक्रवारी दहाला. या वेळी नीट बघून लिहीन."

"कशाला उगाच उरस्फोड करताय?" सर म्हणाले. पण तिला फार हलकं वाटलं. रात्रभर मनाला खात असलेलं काहीतरी बाहेर पडल्यासारखं झालं. आपण प्रामाणिक आहोत, असं तिला बऱ्याच वर्षांनी वाटलं, आणि त्या आनंदात एक गोष्ट करायची राहिली. तिने मुलीला बोलावून सांगितलं, "तुला आणखी एक संधी मिळतेय." बघितलंच नव्हतं, हे नाही सांगितलं. सांगायला तोंड उघडलं होतं. पण मुलीचा चेहरा असा उजळला, की वेळ मारून न्यावीशी वाटली.

शुक्रवारी फोन स्टाफरूममध्ये ठेवून ती कोपऱ्यात बसली. काम नवं होतं : कॉलेजात येणाऱ्या शंभर पाहुण्यांची व्यवस्था लावायची. घड्याळ सुरू झालं.

"मी सांगते," एक्केचाळीस नंबर म्हणाली. इतक्या मोठ्याने, की शेजारचा मुलगा दचकला.

तिने सांगितलं. नंतर मोठ्या आवाजाचा मुलगा काही म्हणू लागला, तर ती मध्येच म्हणाली, "थांब, माझं पुरं होऊ दे." एका मुलीने दरवाजाजवळ टेबल ठेवण्याचं सुचवलं, तेही हिने तोडलं. कागद कुणाकडेच नव्हता. अखेर एकाने नाइलाजाने पेन उचललं, पण काय लिहायचं ते त्याला कळेना. तीन मुलं खुर्चीला टेकून गप्प बसली. ही आपलं घोडं दामटतच होती. मधूनच कोपऱ्याकडे नजर टाकायची, मॅडम बघताहेत ना, म्हणून. दहाव्या मिनिटाला ती थकलेली दिसली, घाम आला होता, तरी थांबली नाही.

कौशल्य मॅडम बघत होती. अकरा वर्षांत इतकं नीट तिने कुणालाच बघितलं नव्हतं. अर्धा तास झाला तेव्हा कागदावर चार ओळी होत्या आणि त्यांतल्या दोन खोडलेल्या. मुलं उठली, एकमेकांशी काही न बोलता बाहेर पडली. त्या पोरीसाठी कुणी थांबलं नाही.

ती मात्र टेबलापाशीच उभी होती, श्वास चढलेला, गाल लाल.

"या वेळी बघितलंत ना मॅडम? बोलले ना मी?"

पान पुढ्यात होतं. चौकट कोरी होती. काय बघितलं ते तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं : चार जणांचं बोलणं तोडलं, कुणाचं ऐकलं नाही. खरं लिहायचं तर दोनाच्या वर जाता येत नव्हतं. आणि हे दोन त्या पोरीचे नव्हतेच. ते हिने महिन्यापूर्वी लिहिले होते, आणि ते सुधारायला जाऊन पोरीने इमानाने दोनाच्याच लायकीचं होऊन दाखवलं होतं.

"बस," ती म्हणाली. "मला तुला काही सांगायचंय."

तिने सांगितलं. फोन, अकरा फोटो, फरशी, सात वाक्यं. 'लेखनदोष' लिहून काम झालं असतं, तेही सांगितलं. काहीच मागे ठेवलं नाही. आपल्याला रडू आलं तर ही पोर आपलीच समजूत घालेल, या भीतीने तिने रडू दाबलं. मुलगी ऐकत होती. चष्मा काढून पुसला, परत घातला.

अकराला सर दारात आले. "झालं का मॅडम? पान द्या."

कौशल्य मॅडमने चौकटीत लिहायला घेतलं. 'पहिल्या वेळी मी बघितलं नाही. त्या दिवशीचा हिने लिहिलेला आराखडा जोडला आहे, तोच खरा पुरावा. आज जे दिसलं ते माझ्या खोट्या शेऱ्यामुळे.' खाली सही केली. गुणांची जागा मोकळी ठेवली.

सरांनी उभ्या उभ्या वाचलं. त्यांचा चेहरा पडला. "हे काय? आकडा नसेल तर ते नाव घ्यायचेच नाहीत. आणि हे वर गेलं तर साठच्या साठ पानांची चौकशी लागेल. तुमची नोकरी..."

"लागू दे, सर."

"आणि हिची जागा?"

चार लिहिले तर न बघता, दोन लिहिले तर अन्याय, काहीच नाही लिहिलं तर जागा हातची गेली. चौथा रस्ता महिन्यापूर्वी होता. सर कागद हातात धरून दारातच घुटमळले, मग "बघतो काय करता येतं ते" म्हणत निघून गेले. त्यांच्या आवाजावरून काही होणार नाही, हे दोघींनाही कळलं.

"मी माफी मागते," कौशल्य मॅडम म्हणाली. "तुझ्यात काही कमी नव्हतं."

"म्हणजे मी आधी होते, तेच बरोबर होतं?"

"हो."

मुलीने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने टेबलावरचा तो चार ओळींचा कागद जवळ ओढला.

"पण मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "आता मला तसं नाही जमत. गप्प बसून कुणाचं ऐकायला लागले ना, की छातीत धडधडतं. वाटतं, कुणीतरी बघतंय आणि दोन देतंय."