आजारी वाघीण

वडशात फारूक पेंटर म्हटलं की लोकांना आधी राजवाडा आठवतो. झाडीपट्टीच्या नाटकांमागे चाळीस वर्षं त्याचाच राजवाडा झुलला. खांब दोन, मोर दोन, मागं एक तळं. त्याच राजवाड्यात कितीक सासवांनी सुना छळल्या आणि शेवटच्या अंकात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. आता कंपन्या राजवाडा छापून आणतात. यंदा फारूकनं जेमतेम चार पडदे रंगवले, आणि होळीला मोसम संपला तेव्हा त्याचा उजवा खांदा नाटकातल्या मेलेल्या राजासारखा पडून राहिला. फरक एवढाच, की राजा पडदा पडल्यावर उठतो, खांदा उठेना.

मोसम नसला की तो डबे रंगवायचा. मालगाडीचे, अंगठ्याएवढे, पत्रा कापून केलेले.

हे खूळ मूळचं लटारूभाऊचं. नागभीडला छोटी लाइन होती तेव्हाचा हा केबिनवाला, सिग्नलचे खटके ओढणारा. छोटी लाइन उखडली, तोवर तो रिटायर होऊन घरी बसला होता; बसल्या बसल्या त्यानं ओसरीवर फळी टाकून नागभीड स्टेशन पुन्हा मांडलं. दुसरं स्टेशन वडसा, फारूकच्या खाटेशेजारी. तिसरं आरमोरी, उर्वशीबाईंच्या घरी. उर्वशीबाई शाळेत मराठी शिकवत. बोलणं झाडीचं, लिहिणं मात्र पुस्तकातलं. आरमोरीत कुठी आली रेल्वे, असं कोणी हटकलं की त्या म्हणत, "म्हून त घरी आणली ना जी!"

घरं तीन, गाडी एक. रविवारी सकाळी दहाला तिघं फोनवर जोडले जात. लटारूभाऊ लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागे, फारूक देई, मग सात डब्यांची गाडी नागभीडहून निघे आणि फळीच्या टोकाला पोचली की लटारूभाऊ तिच्यावर टोपली पालथी घाली. घड्याळ लावून वीस मिनिटांनी फारूक वडशातली टोपली उचली, आणि खाली तीच गाडी उभी असे. तीच म्हणजे अगदी तीच. प्रत्येक डबा फारूकनं तीन घरांसाठी तीनदा रंगवलेला. तोच नंबर, तोच गंज, दाराशी उडालेला तोच पोपडा. लटारूभाऊच्या मांजरीनं एका डब्याचा कोपरा मोडला, तर वडशाच्या आणि आरमोरीच्या डब्याचाही कोपरा मोडावा लागला. तिन्ही सारखे पाहिजेत, हा लटारूभाऊचा पहिला नियम. दुसरा नियम त्याहून कडक: "नंबर खोडाचा नाई. नंबर बदलला का डबा बदलला."

त्या रविवारी गाडी सोडताना लटारूभाऊ नेहमीसारखी आईची ओवी गुणगुणला:

"गाडी गाडी जाय, तिची शिटी वाजे दूर
माहेर माहं नागभीड, वडसं सासूर"

वीस मिनिटं झाली. फारूकनं टोपली उचलली.

"वाच नंबर," फोनमधून लटारूभाऊ म्हणाला. त्याच्या पुढ्यात रजिस्टर, बोटांत पेन.

फारूक वाचू लागला. सातवा डबा नवा होता, याच आठवड्यात रंगवलेला. नागभीडचा झाला, आरमोरीचा झाला, तिसरा आपला करताना रात झाली होती. चूक त्याला गुरुवारीच दिसली होती. तेव्हापासून त्यानं ब्रश चारदा उचलला आणि चारदा ठेवला. आता तोंडानं हवा तो नंबर सांगितला असता तर नागभीडला थोडंच दिसणार होतं? पण खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"चारशे बहात्तर."

"काय म्हणलं?"

"चारशे बहात्तर लिहून आहे, लटारूभाऊ."

"मी चारशे सत्तावीस सोडला. असा डबा माह्या गाडीत नव्हता." पेन ठेवल्याचा आवाज आला. "सिक कर त्याले."

बिघडलेल्या डब्याला रेल्वेत सिक म्हणतात. गाडीतून काढतात, बाजूच्या रुळावर उभा करतात आणि दुरुस्त झाल्याशिवाय हलवत नाहीत. फारूकनं डबा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला.

"पुढच्या रविवारी फिट करून दे."

"देतो."

त्याची बायको शमसुन्निसा दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "अजी, सांगून टाका ना त्यायले एकदाचं."

फारूकनं हातानंच तिला गप्प केलं. सांगायचं काय, ते तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. पण वडसा मधलं स्टेशन. ते बंद झालं की एकीकडं नागभीड, दुसरीकडं आरमोरी, आणि दोन्ही गाड्या जन्मभर टोपलीखाली. लटारूभाऊची बायको गेल्याला तीन वर्षं झाली होती. रविवार सोडला तर तो मांजरीशीच बोलायचा.

"नोंद मी टाकते जी," उर्वशीबाई म्हणाल्या.

त्यांनी नोंद टाकली. मालडब्याला पुस्तकात वाघीण म्हणतात, म्हणून त्यांनी वाघीणच लिहिलं. फक्त ती नोंद फोनवरच्या तिघांच्या गटात न जाता वडसा-आरमोरीच्या गावगटात गेली.

अर्ध्या तासानं रस्त्यावर गलका झाला. फारूकनं दार उघडलं तर समोर इसरू, फॉरेस्टचा गार्ड, हातात काठी. त्याच्यामागं दोघं जण जाळं घेऊन, आणि त्यांच्यामागं अर्धा मोहल्ला, पण चांगला लांब.

"फारूकभाऊ, तुमी पह्यले बाहेर या. तिले कुठी ठेवलं?"

"कोणाले?"

"वाघिणीले जी!" इसरूनं फोन पुढं धरला. त्यावर होतं: 'वाघीण क्रमांक ४७२ आजारी. वडसा येथे फारूकभाऊंच्या घरी थांबवून ठेवली आहे. पुढील रविवारी सोडण्यात येईल.'

शमसुन्निसानं सूप खाली ठेवलं. "या घरात वाघीण एकच. ते मी. अन् मले कोणी थांबवून नाई ठेवलं."

खाटेजवळ टेकवून ठेवलेल्या फोनमधून उर्वशीबाई किंचाळल्या, "बापा बापा! दुसऱ्या गटात गेलं! थांबा जी, खोडते मी, खोडते!"

फारूकनं इसरूला आत नेलं आणि बाजूच्या रुळावरचा डबा दाखवला. इसरू हसला नाही. बाहेरच्यांना त्यानं हात करून घरी जायला सांगितलं आणि खाटेच्या काठावर बसला.

"तीन दिवस झाले झोप नाई," तो म्हणाला. "धानाच्या बांधीत पाय उमटून राह्यले. खऱ्या वाघिणीचे." शमसुन्निसानं दिलेलं पाणी तो एका दमात प्याला. मग डब्याकडं वाकला. "किती बारीक काम आहे गा! इले झालं काय पण? आजारी काऊन?"

आपल्या माणसांना जे सांगता येत नाही, ते परक्याला सांगता येतं. त्यात तो माणूस आपल्याएवढाच दमलेला असला तर फारच. फारूक त्याच्या शेजारी बसला.

"तिले काई नाई झालं," तो म्हणाला. "माहा हात गेला. आकडा पाहा, मुंगीच्या पायाएवढा. ब्रश टेकवला का हात आपल्याच मनानं चालते. गुरुवारपासून हा सात पुसून पाहीन म्हणतो, भेव वाटते. यंदा राजवाड्याच्या मोरालेबी मान वाकडी आली, लोकायले वाटलं मोर लाजून राह्यला. सिक डबा नाई, गार्डसाहेब. सिक मी आहो. वडसा बंद करतो, एवढंच सांगाचं होतं नागभीडले. तोंड उचलत नाई."

फोन चालूच होता. त्यात कोणी खोकलं. मग खट्ट करून नागभीड बंद झालं.

आठवडाभर लटारूभाऊचा फोन नाही. फारूकनंही केला नाही. शनिवारी त्यानं सहा डबे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले. सातवा गुंडाळायला घेतला आणि तसाच रुळावर ठेवून दिला. शमसुन्निसानं पाहिलं. तिनं त्याच्या खांद्याला तेल लावलं आणि तळवा तिथंच जरा जास्त वेळ ठेवला.

रविवारी पावणेदहाला फोन वाजला. नागभीडहून फोटो आला होता. लटारूभाऊचा नवा डबा. त्याच्यावरचा चारशे सत्तावीस ब्लेडनं खरवडलेला, आणि त्या जागी पेनाच्या शाईनं चारशे बहात्तर. साताचा पाय लांबून दाराच्या कडीत अडकलेला, दोनाचं पोट बाळंतीण व्हायला आल्यासारखं फुगलेलं. छत्तीस वर्षांत ज्यानं रजिस्टरात खाडाखोड केली नाही, त्या माणसाचा तो हात होता. फारूकनं फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला.

फोटोखाली आवाज होता.

"फारूक, रजिस्टर पुन्हा पाह्यलं मी. चारशे बहात्तरच होता. चूक माही. उर्वशीबाईनं माह्यावर पाहून आपलाबी करून घेतला. पण तुहे आकडे मले ठाऊक आहेत, लय सफाईचे. हे नाई चालत. तिन्ही सारखे पायजे. नियम आहे."

फारूक खाली बसला. खांदा दुखतच होता. त्यानं डबा घेतला, बारीक ब्रश काळ्यात बुडवला आणि त्याच आकड्यांवर टेकवला. हात आपल्याच मनानं चालला. सात खाली खाली घसरत थेट दाराच्या कडीत जाऊन अडकला. दोनाचं पोट पहिल्याच फटक्यात फुगलं.

"बिघडला काय?" शमसुन्निसानं खांद्यावरून वाकून विचारलं.

फारूकनं शेजारी फोटो धरला. तिनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं, आणि पदरात तोंड घालून हसली. मग बाकीचे सहा डबे वर्तमानपत्रातून सोडवायला बसली.

दहा वाजले. फोन वाजला.

"लाइन क्लिअर, वडसा?"

"थांबा जी," फारूक म्हणाला. तो डब्यावर हळूहळू फुंकर घालत होता. "रंग वाळू द्या."