सुंदरबाईचा समुद्र

सुरतेच्या डॉक्टरने सुंदरबाईच्या डोळ्यांत बत्तीचा उजेड पाडून पाहिले, पुन्हा एकदा पाहिले आणि एक शब्द न बोलता हात धुवायला निघून गेला. तेवढ्यावरूनच तिचा नवरा रतिलाल काय ते समजला. बैलाचे दात तपासून गिऱ्हाईक मुकाट्याने निघाले की सौदा मोडला, हे त्याला कोणी शिकवायला नको होते. डॉक्टरने परत येऊन गुजरातीत सांगितले ते असे, की हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. आणायला फार उशीर झाला. आता उरली आहे ती नजर पुढच्या दिवाळीपर्यंत टिकली तरी देवाचे उपकार समजा.

नजर उरली होती तीही कशी, तर नळीतून बघावे तशी. समोरचे तेवढे दिसायचे, दोन्ही कडांचे सगळे धुरात बुडलेले. तव्यावरची भाकरी दिसे, पण शेजारची परात हाताने चाचपावी लागे.

सुंदरबाई रडली नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसली, पदर नीट केला आणि नवऱ्याला म्हणाली, "भटूना बाप, माले समुद्र देखना शे."

भटू हा त्यांचा थोरला मुलगा, मागे गावी, रनाळ्याला शेत सांभाळत होता. नवऱ्याचे नाव तोंडातून काढायचे नाही, तेव्हा त्याला हाक मारायची ती मुलाच्या नावाने. आणि हाक मारून काही मागायचे, हे तर सुंदरबाईने जवळजवळ कधी केलेच नव्हते. तिचे माहेर तापीकाठच्या प्रकाशा गावी. पोरपणी घाटावर बसून ती पुराचे पाणी तासन् तास बघत राहायची आणि एवढे पाणी जाते तरी कुठे, म्हणून घरच्यांना भंडावून सोडायची. समुद्रात जाते, असे उत्तर मिळायचे. तो समुद्र एकदा बघायचा राहिला होता. आता नाही तर कधीच नाही.

रतिलाल हा नाकावर माशी बसू न देणारा माणूस. बायकोशी गोड बोलणे म्हणजे ऐन पेरणीत झोपा काढणे, असे त्याचे मत. लग्न झाल्यापासून तो तिच्या चार पावले पुढे चालत आलेला, मागे वळून बघायची पद्धत नाही.

"तठे काय देखशी?" तो खेकसला. "पानीच ते शे." आणि टांगा ठरवायला गेला. रतिलालच्या भाषेत याला होकार म्हणतात.

सुरतेपासून काही कोसांवर डुमसच्या किनाऱ्याला शहरातल्या शेठ लोकांनी एक बाग केली होती. दगडी कठडा, खाली वाळूत उतरायला पायऱ्या, बाके, झोपाळे, लाकडी घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा. सगळे सुरत तिथे हवा खायला येते, असे टांगेवाला वाटभर सांगत होता. भर दुपारी टांगा थांबला तर बागेत चिटपाखरू नव्हते. भजीवाला भट्टी न पेटवता झाडाखाली घोरत पडला होता. पाळण्याचे घोडे जागच्या जागी उभे. उंटवाला उंटाच्याच सावलीला आडवा झालेला.

आणि कठड्यापलीकडे समुद्र नव्हता.

काळसर ओली वाळू, त्यात चिखलाचे पट्टे, कुठे कुठे चमकणारे डबके. नजर पोचेल तिथवर तेच. सुंदरबाईने कठडा धरून नळीतली नजर हळूहळू इकडून तिकडे फिरवली. तिला वाटले, आपलेच डोळे गेले.

"काय दखास तुम्हले?" तिने भीत भीत विचारले.

रतिलालने कपाळावर हात धरून पाहिले. चाळीस उन्हाळे तापीच्या पात्रात टरबुजांच्या वाड्या केलेला माणूस तो, पाण्यातले त्याला कोण शिकवणार? "आटना," त्याने निकाल दिला. "चैतमा आपली तापी आटस, हाऊबी आटना. पाऊस पडना का मंग येई."

सुंदरबाईने मनातल्या मनात महिने मोजले. पाऊस पडेपर्यंत नजर राहील न राहील, आणि राहिली तरी पेरणी सोडून कोण आणते पुन्हा? पण ती एवढेच म्हणाली, "जाऊ द्या. आनं तुम्हीन, तेच गंज झायं." इथवर आणले, तेच खूप झाले. हे तिने तोंडदेखले म्हटले नव्हते. गावातल्या किती जणींचे डोळे गेले, कोणाला कोणी सुरतेला नेले होते?

त्या बोलण्याने रतिलाल जास्तच चिडला. बायको रुसली असती तर त्याला बरे वाटले असते. त्याने घोंगडी खांद्यावर टाकली, भाकरीचे गाठोडे घेतले आणि पायऱ्या उतरून सरळ त्या वाळूत चालू लागला. सुंदरबाई मागून. नदी आटली की खानदेशातला माणूस काय करतो, तर पात्रात उतरतो, वाळूत झिरा खणतो, गार पाणी पितो आणि तिथेच शिदोरी सोडतो. तेच याने केले. कठडा बोटाएवढा दिसू लागला तेव्हा एका उंचवट्यावर घोंगडी पसरली, बायकोला बसवले आणि हातांनी वाळू उपसायला लागला. डोळ्यांवर गार पाणी मारत जा, असे डॉक्टरने सांगितले होते. समुद्र नाही तर नाही, निदान डोळ्यांना पाणी तरी मिळेल.

पाणी लागले, पण तोंडात घेताच त्याने थुंकून टाकले.

"खारं शे. आखो खोल खनस, गोड लागी."

आणि खणत राहिला. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

इकडे बागेला जाग येऊ लागली. त्या बागेतली दुकाने घड्याळावर उघडत नसत, पाण्यावर उघडत. भजीवाला उठला, त्याने भट्टी फुंकली. पाळण्याचे घोडे फिरू लागले. टांग्यांमागून टांगे आले. पारशिणी छत्र्या उघडून बाकांवर बसल्या, पोरांनी कठड्यावर जागा धरल्या. मधल्या वेळात वाळूवर उतरून शिंपले वेचणारे, उंटावर बसून हिंडणारे एकेक करून पायऱ्या चढून वर गेले. उंटवाल्याने उंटही वर बांधला. लांबवर तेवढी एक घोंगडी, एक बाई आणि एक खणणारा म्हातारा उरला.

"हाया लोके येडा शेत का?" रतिलाल मान वर करून म्हणाला. "आटेल समुद्र देखाले इतला टांगा!"

कठड्यावरून कोणी तरी उपरणे हलवून ओरडत होते, "ओ काका! भरती आवे छे! उपर आवो!" गुजराती दोघांना समजत होती. पण भरती म्हणजे काय, ते रतिलालला ठाऊक नव्हते. नदीला पूर येतो तो वरून, ढग दाटून, आवाज करत. आभाळ तर निरभ्र होते.

मग झिऱ्यातले पाणी आपोआप वर चढले. खड्डा भरला, काठावरून सांडला. रतिलाल त्याकडे बघत राहिला. आणि सुंदरबाईच्या पायाला गार लागले. ती म्हणाली, "भटूना बाप, मांगे पानी शे."

कठड्याच्या आणि त्यांच्या मधल्या सखल पट्ट्यात पाणी शिरले होते. आवाज नाही, गडबड नाही, सावकारासारखे निवांत पुढे सरकत होते. रतिलालचे धाबे दणाणले. घोंगडी, गाठोडे, लोटा सगळे टाकून तो बायकोपुढे वाकला. "बस. पाठवर बस!"

"लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे!"

आणि ज्याने तिचा हात चारचौघांत कधी धरला नव्हता, त्या माणसाने तिला सगळ्या सुरतेसमोर पाठुंगळी घेतले आणि पाण्यात उतरला. गुडघा, मांडी, कंबर. कठड्यावर नुसता गलका. दोन कोळी दोर घेऊन पायऱ्या उतरले. पायाखालून वाळू घसरत होती, म्हातारा एकेक पाऊल चाचपून टाकत होता. पण पट्टा ओलांडून पुन्हा मांडीएवढ्या पाण्यात आला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. पायऱ्या आता हाकेवर होत्या.

तेव्हा सुंदरबाईने मान मागे वळवली होती. तिच्या त्या एवढ्याशा नळीत, काठोकाठ, समुद्र उभा होता.

"थांबा!" ती म्हणाली. नवऱ्याला तिने दिलेला हा पहिलाच हुकूम. "फिरा तिकडे. देखू द्या."

कोळी ओरडत होते. पाणी चढत होते. रतिलाल थांबला, बायकोला पाठीवर सावरत सावकाश समुद्राकडे तोंड करून फिरला आणि उभा राहिला. तिचे मन भरेपर्यंत उभा राहिला. लाटा त्याच्या पोटावर आपटत होत्या आणि ती त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. ऊन त्या पाण्यावर सांडले होते, आणि पलीकडे काठच नव्हता.

वर आल्यावर मात्र हशा पिकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, भजीवाल्याने फुकट भजी आणून दिली. रतिलालला तोंड कुठे लपवावे कळेना. तो समुद्राकडे पाठ करून बाकावर बसला तो टांगा येईपर्यंत हलला नाही. सुंदरबाईने एक भजे त्याच्या हातात ठेवले, ते मात्र खाल्ले.

डॉक्टर म्हणाला होता तेवढीही मुदत मिळाली नाही. गणपतीपर्यंतच सगळा अंधार झाला. पण रनाळ्यात समुद्र पाहिलेली बाई ती एकच, त्यामुळे दुपारी ओट्यावर बायका जमत आणि सुंदरबाई सांगे. कोणी रतिलालला विचारले तर तो हात झटकी, "तिलेच इचारा. मी ते मन्हा पायच देखात." सुंदरबाईला याचे फार वाईट वाटे. ज्याने दाखवला, त्यानेच पाहिला नाही. म्हणून बायका गेल्यावर तो जवळ येऊन बसला आणि "मंग, कितला मोठा व्हता?" म्हणाला, की ती पहिल्यापासून सगळे पुन्हा सांगे. दर वेळी तो तितक्याच मन लावून ऐके.

असेच एकदा सांगून झाले. पाणी सांगितले, ऊन सांगितले, पलीकडे काठ नव्हता तेही सांगितले.

"आन त्या होड्या?" रतिलाल म्हणाला.

"कोन्या होड्या?"

"डावी बाजूले. धव्वय्या शिडन्या. आन उजवीकडे आपली तापी मियी ऱ्हायंती, तठलं पानी गढूय व्हतं."

 डावीकडच्या पांढऱ्या शिडांच्या होड्या, उजवीकडे समुद्राला मिळणारी तापी, यातले सुंदरबाईला काहीच दिसले नव्हते. तिची नजर होती नळीएवढी. पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आले, की या माणसाने समुद्र पाहिला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला होता. तरीही इतके महिने तो रोज तिला विचारत होता, तिने अंधारात बसून तो पुन्हा बघावा म्हणून.

रतिलालनेही जीभ चावली, पण आता उशीर झाला होता. तो उठायला लागला तशी सुंदरबाईने चाचपडत त्याचा हात धरला, भर ओट्यावर, दिवसाढवळ्या, आणि त्याने तो सोडवून घेतला नाही.

"बसा," ती म्हणाली. "कडाकडानं माले दिखनंच नव्हतं. आते तुम्ही सांगा."

रतिलाल खाकरला. रस्त्यावरून कोणी येत नाही ना, ते बघितले आणि होड्यांपासून सुरुवात केली.