नयनाचा डोंगर

गच्चीवर पेपर अंथरलेला, त्यावर चहाचा चोथा वाळतोय. कावळा येतो, चोच मारून बघतो, उडून जातो.

बीपीच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट. कात्रीने नीट कापले की खेळातल्या गोदामाचे छप्पर होते.

बाजव्याकडून रिफायनरीचा वास घेऊन वारा सुटला, की खिडकी लावता लावता नयना म्हणायची, "अहो, तुमची कंपनी आली बघा घरी."

नवा फ्रिज आला त्या दिवशी तिने फ्रिज उघडूनसुद्धा पाहिला नाही. खोक्यातला थर्माकोल काढला आणि पलंगाखाली सरकवला.

"छेल्ली बाजी, आता शेवटचीच, जनार्दनभाई," फोनवर विक्रमसिंह म्हणाले. "सोमवारी ट्रक येतोय. मुलगा म्हणतो, राजकोटला चला, अहीं एकटे शुं करशो?"

"उद्या नयनाचा डोंगर मांडतो."

"भाभीनो? पूरा झालेला?"

"रंग तेवढा राहिलाय."

जनार्दन रिफायनरीतून निवृत्त झाला आणि त्याचा मुलगा कॅनडाला गेला, हे एकाच वर्षी झाले. मुलाचे बोटभर उंचीचे शिपाई मागे राहिले. तेव्हापासून दर रविवारी निजामपुऱ्यातल्या जनार्दनच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, हे दोन म्हातारे लढाई करीत. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचे, पलटण पुढे सरकवायची.

जमीन मात्र नयनाची. अंड्यांच्या ट्रेचे कडे, काथ्याचे गवत, दोऱ्याच्या रिळांचे बुरूज, चोथ्याची माती. ती टेबल मांडून द्यायची आणि स्वयंपाकघरात जायची.

"भाभी, तमारा नाला नडला मला!" हरले की विक्रमसिंह ओरडायचे.

आतून उत्तर यायचे, "मग पूल मागायचात आधी! फुकटात बांधून दिला असता."

शेवटचा डोंगर तिने दवाखान्यात जाण्याआधी त्या थर्माकोलातून कोरला होता. गरम सुईने पाडलेल्या पायऱ्या, माथ्यावर इवलीशी देवळी. ती गेल्यापासून तो कपाटावर जुन्या साडीच्या तुकड्याखाली होता. पांढराशुभ्र.

खिडकीच्या ग्रिलला मारलेल्या हिरव्या रंगाचा फवारा उरला होता. दुपारी जनार्दनने डोंगर गच्चीवर नेला, डबा खळखळ हलवला आणि एका दमात माथ्यापासून पायथ्यापर्यंत रंग मारला. छान दिसला. चकाकला.

मग त्याच्या अंगावर देवी आल्यासारखे खड्डे पडू लागले.

जनार्दन बघत राहिला. देवळी खाली बसली. पायऱ्या एकीत एक मिसळल्या. त्याने फुंकर घातली. मग बादलीभर पाणी ओतले. माथा आत गेला, बाजू कोसळल्या, आणि पेपरवर उरली एक हिरवी, चिकट खपली.

गच्चीभर कंपनीचा वास पसरला होता. आयुष्यभर तो अशाच वासाच्या पिंपांमध्ये वावरला होता. कशात काय विरघळते, हे त्याने नव्या पोरांना शिकवले होते. नयना थर्माकोलला आधी कागदाचे तुकडे आणि खळ यांचे थर द्यायची, मग ब्रशने रंग. खळीची ती बादली न्हाणीघरात असायची. "हे काय चिकट ठेवलंयस इथे?" एवढेच तो म्हणत आला.

रविवारी विक्रमसिंह आले. टेबल मांडलेले होते. मधोमध जागा मोकळी.

"डोंगर?"

जनार्दनने सुपलीत भरून ठेवलेली खपली दाखवली. विक्रमसिंहांनी ती बोटाने थोडी हलवली, चष्मा काढला, पुन्हा घातला. "चालो," म्हणाले. "पहिला दाव तमारो."

दोघे खेळले. कोणी ओरडले नाही. विक्रमसिंहांचे घोडदळ मोकळ्या जागेपाशी आले तेव्हा त्यांनी टेप वाकवून वळसा मोजायला घेतला.

"सरळ या ना," जनार्दन म्हणाला. "काहीच नाहीये तिथे."

"डुंगर आहे त्यां." त्यांनी एकेक घोडा कडेकडेने नेला. मग एक शिपाई उचलून ते थांबले. "याला वर चढवतो. पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत?"

जनार्दनने टेबलाकडे पाहिले. दाराच्या बाजूला? खिडकीच्या? वर्षभर ती साडी बाजूला सारून तो डोंगर बघत आला होता. कालच डोंगर दोन्ही हातांत धरून तो जिना चढला होता.

"बोलो ना, जनार्दनभाई."

शिपाई विक्रमसिंहांच्या चिमटीत तसाच अधांतरी राहिला. जनार्दनने मोकळ्या जागेवर दाराकडून बोट फिरवले, मग खिडकीकडून.

२०१९ च्या दिवाळीत, लाडू वळता वळता, नयना त्याला म्हणाली होती की मलाही हा खेळ शिकवा. "बघू," म्हणून त्याने लाडू तोंडात टाकला होता.